कारखान्याआधीचं रक्त: व्हिचेन्झा ते लोटे परशुराम

खाडीपल्याड (धागाकर्ती) | रविवार, सकाळी १०:४०

२६ जून २०२५ला इटलीतल्या व्हिचेन्झाच्या कोर्टाने एका रसायन कारखान्याच्या ११ माजी अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची कैद सुनावली. कारखाना मितेनी, गाव त्रिस्सिनो, आरोप जमिनीखालचं पाणी विषारी केल्याचा. खालच्या कोर्टाचा निकाल आहे, अपिलाचा रस्ता मोकळा आहे. पण निकाल लागेपर्यंत कारखाना जागेवर राहिलाच नव्हता. २०१८ साली मितेनीचं दिवाळं वाजलं, २०१९ साली महाराष्ट्रातल्या एका कंपनीच्या उपकंपनीने तिथली यंत्रसामग्री विकत घेतली, आणि ती सुटी करून समुद्रमार्गे आपल्या लोटे परशुराम एमआयडीसीत आणली. चिपळूणहून परशुराम घाट चढून खेडकडे जाताना लागतं तेच लोटे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शेअरबाजारवाल्यांना ते ठाऊक आहे, बाकीच्यांना शोधायला दोन मिनिटं लागतील. तिथे नेमकं काय बनणार, कुठल्या परवानगीने, हे वेगळे प्रश्न आहेत आणि त्यावर भांडणारे लोक आहेत. मला बोलायचंय रक्तावर.

मी विश्लेषक रसायनशास्त्रात काम करते. म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरसमोर बसून रक्तात, लघवीत काय काय आहे ते मोजते. माहेर चिपळूणचं. मधली काही वर्षं इटलीत पादोव्याला होते. व्हिचेन्झा तिथून ट्रेनने जेमतेम अर्धा तास.

मितेनीत जी रसायनं बनायची त्यांचं घराणं म्हणजे पीफास. कार्बन आणि फ्लोरिन यांच्या साखळ्या. नॉनस्टिक तवे, पाणी न शोषणारे कपडे, विमानतळावरचा आग विझवायचा फेस, सगळीकडे वापर. हा बंध निसर्गात सहजी तुटत नाही. पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही. शरीरात गेल्यावर ही मंडळी चरबीत जाऊन बसत नाहीत, रक्तातल्या प्रथिनांना धरून फिरत राहतात. पीएफओए नावाचं त्यातलं सगळ्यात बदनाम रसायन निम्मं व्हायलाच दोन ते चार वर्षं लागतात. २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

आता व्हेनेतोत, म्हणजे त्रिस्सिनो ज्या प्रांतात आहे तिथे, काय झालं ते बघा. कारखाना १९६०च्या दशकापासूनचा. २०१३ साली तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या अभ्यासात नद्यांत आणि पिण्याच्या पाण्यात पीफास सापडलं. त्याच वर्षी पाणीपुरवठ्याला कोळशाचे फिल्टर बसले. लोकांचं रक्त पहिल्यांदा तपासलं गेलं ते २०१५-१६ला. बाधित भागातल्या लोकांत पीएफओएचा मधला आकडा आला दर मिलीलिटर १३.८ नॅनोग्रॅम, बाहेरच्या लोकांत १.६. मग २०१७पासून प्रांताने सगळ्यात जास्त बाधित 'लाल पट्ट्या'तल्या १४ ते ३९ वयाच्या लोकांना घरी पत्रं पाठवून बोलावलं. पहिल्या १८ हजारांचा मधला आकडा ४४. जर्मनीच्या तज्ज्ञ समितीची फूटपट्टी लावली तर २च्या आत काळजी नको, १०च्या वर गेलं की हालचाल करायला हवी, आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी ५च्याच वर. मुलांच्या नावाने आलेली ही पत्रं उघडून आया रस्त्यावर आल्या, 'मामे नो पीफास' नावाची संघटना उभी राहिली. वर म्हटलेल्या खटल्यामागे या बायकांचा रेटा होता.

पण माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट पुढेच आहे. फिल्टर २०१३ला बसले, रक्त दोन वर्षांनी काढलं. म्हणजे मोजायला सुरुवात झाली तेव्हा आकडा उतरणीला लागलेला होता. शिखर किती होतं ते आता कुणालाही मोजता येणार नाही, गणिती मॉडेलवर अंदाज बांधायचा. आणि त्याच वेळी कारखान्याच्या कुंपणाआत काय चाललं होतं? कामगारांची वैद्यकीय देखरेख तीस वर्षं चालू होती, त्यावर २००९ साली शोधनिबंधसुद्धा छापून आला. काही कामगारांच्या रक्तात दर मिलीलिटर हजारो नॅनोग्रॅम. भिंतीपलीकडच्या माणसाचं रक्त मात्र कुणी विचारलं नाही.

अमेरिकेत याहून विचित्र प्रकार. पीफास बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीच्या शास्त्रज्ञांना १९९०च्या दशकाच्या शेवटी तुलनेसाठी स्वच्छ मानवी रक्त हवं होतं. रक्तपेढीतलं घ्यावं तर त्यात पीफास. शेवटी स्वच्छ मिळालं ते कोरियन युद्धाच्या काळात भरती झालेल्या सैनिकांचं, कुठल्याशा फ्रीजरमध्ये राहून गेलेलं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. लोटे, घाणेखुंट, आवाशी, कोतवली आणि खाडीकाठची गावं इथल्या लोकांचं रक्त आत्ता काढून ठेवा. तपासायला आज पैसे नसतील तर नका तपासू. गोठवून ठेवा. उत्पादन सुरू झालं असलं तरी फार बिघडत नाही, कारण हे रसायन अंगात साठायला वर्षं लागतात. पण दहा वर्षांनी 'आधी किती होतं?' असा प्रश्न आला की त्याचं उत्तर तेव्हा कुठल्याही किमतीला मिळणार नाही.

---

शंकासूर | रविवार, दुपारी १२:१५

लेख माहितीपूर्ण, पण गाडं उलटं वाटतंय. पाणी तपासा, माती तपासा, चिमणीतून काय निघतं ते तपासा. तिथेच अडवा. माणसाला सुई टोचून त्याच्या रक्तात विष किती ते बघायचं म्हणजे माणसाचं गिनिपिग झालं की.

---

खाडीपल्याड | रविवार, दुपारी १:०२

शंकासूरजी, नावाला जागलात :) पाणी तपासायलाच हवं, त्यात वादच नाही. फक्त पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात पीफासला मर्यादाच नाही. युरोपात २० पीफास मिळून लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा जानेवारी २०२६पासून सक्तीची झाली. अमेरिकेने २०२४ साली पीएफओएला लिटरमागे ४ नॅनोग्रॅमची रेषा आखली. आपल्याकडे मर्यादा नाही म्हणजे तपासणी नाही, तपासणी नाही म्हणजे प्रदूषण नाही. कागदावर सगळं स्वच्छ.

दुसरं, पाण्याचा नमुना त्या दिवसाचं सांगतो. माणूस विहिरीचं पाणी पितो, खाडीचे मासे खातो, परसातली भाजी खातो, कंपनीत पाळी करून त्याच कपड्यांत घरी येतो. या सगळ्याची बेरीज बाहेर कुठेच होत नाही, ती रक्तात होते.

आणि ही बेरीज कधीकधी सगळी भाकितं पाडते. शिशाचं उदाहरण घ्या. पेट्रोलमधल्या शिशाने माणसाच्या अंगातल्या शिशात फारसा फरक पडत नाही, असं पेट्रोलमध्ये शिसं घालणारे उद्योग सांगत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १९७६ ते १९८० या काळात हजारो लोकांचं रक्त तपासलं गेलं. त्या चार वर्षांत पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं आणि लोकांच्या रक्तातलं सरासरी शिसं डेसिलिटरमागे १४.६ मायक्रोग्रॅमवरून ९.२वर आलं. ३७ टक्के उतार. दोन्ही रेषा जोडीने खाली. त्यानंतर शिशावरचे नियम आवळायला कुणाच्या अंदाजाची गरज उरली नाही.

---

आजोबा_ठाणे | रविवार, दुपारी ३:३०

शिसंविरहित पेट्रोल आपल्याकडे देशभर २००० साली आलं. त्याआधीचा दादर टी.टी.चा वास अजून आठवतो. तेव्हाच्या मुंबईतल्या पोरांच्या रक्तात काय होतं देव जाणे.

या निमित्ताने भोपाळची आठवण. मी १९८४ला तिथे नोकरीला होतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे वाचलो. नंतरचे दोन महिने डॉक्टरांत वाद पेटला होता. शवविच्छेदन करणारे डॉ. हीरेश चंद्र म्हणत होते की रक्ताचा लालभडक रंग सायनाइडकडे बोट दाखवतोय. सायनाइड शरीरात गेलं की त्याचं थायोसायनेट होऊन लघवीवाटे बाहेर पडतं, आणि सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन दिलं तर जास्त पडतं. म्हणून लोकांच्या लघवीतलं थायोसायनेट मोजायला सुरुवात झाली. आयसीएमआरने १९८५च्या सुरुवातीला चाचणी घेऊन इंजेक्शनने फायदा होतो असं सांगितलंसुद्धा. पण ते लोकांपर्यंत धडपणे कधी पोचलं नाही. त्या इंजेक्शनवरून पोलीस, आंदोलनं, कोर्ट, सगळं झालं.

तुमच्या 'आधीच्या आकड्या'शी याचा संबंध असा, की बिडी-सिगरेट ओढणाऱ्याच्या लघवीत थायोसायनेट असतंच. एखाद्याचा आकडा जास्त आला की लगेच वाद, गॅसमुळे की बिडीमुळे? गॅसच्या आधी त्या वस्त्यांत किती होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. असणार तरी कसं म्हणा.

---

लोटेकर | रविवार, रात्री ९:४८

मी लोट्यातच नोकरी करतो, दुसऱ्या कंपनीत. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर समजून घ्या.

आमचं दर वर्षी मेडिकल होतं. रक्त, लघवी, कान, फुंकणी, छातीचा फोटो. आठवड्याने एचआरकडे एक कागद येतो, त्यावर 'फिट' असा शिक्का. रक्तात नेमकं काय बघितलं ते मला आजतागायत माहीत नाही. हिमोग्लोबिन आणि साखर असावी. आम्ही ज्याच्या पिंपात हात घालतो ते कुणी बघत नाही. ठेकेदाराची पोरं आहेत त्यांचं तर तेवढंही नाही, सहा महिन्यांनी ठेका बदलला की माणसं बदलली.

ताई, तुमचं पटतंय. पण खरं सांगू? तुम्ही माझं रक्त घेतलंत आणि आकडा मोठा आला, तर उद्या मला कामावर कोण ठेवेल? आणि माझ्या मुलीचा आकडा मोठा आला तर तिचं लग्न? इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. घाणेखुंटची मुलगी म्हटलं की चार प्रश्न आत्ताच विचारतात.

---

तेजी_मंदी | रविवार, रात्री १०:०५

झालं सुरू. एनरॉन घालवा, जैतापूर अडवा, नाणार घालवा, मग पोरं मुंबईला वॉचमन म्हणून गेली की कोकणावर लेख लिहा. ही कंपनी लांब पल्ल्यासाठी उत्तम आहे, खाली आली तर घेऊन ठेवा, भाव

(पुढचा मजकूर संपादित. या धाग्यात शेअरच्या टिपा नकोत. – संपादक मंडळ)

---

खाडीपल्याड | रविवार, रात्री ११:२०

लोटेकर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मुलीच्या लग्नाचं मला सुचलंच नसतं असं नाही म्हणणार, मीही तिथलीच आहे. व्हेनेतोत पण हेच झालं. लाल पट्ट्यातल्या लोकांना आपल्या घरांच्या किमतीची आणि वाइनच्या खपाची चिंता होतीच.

वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गच्या बाजूला ड्यूपॉन्टच्या कारखान्याने हेच पीएफओए नदीत सोडलं होतं. तिथल्या खटल्यात तडजोड झाली तेव्हा वकिलांनी एक शहाणपणा केला. भरपाईचा मोठा भाग लोकांचं रक्त आणि आजारांची माहिती गोळा करण्यात घातला. जो येईल, रक्त देईल आणि प्रश्नावली भरेल त्याला ४०० डॉलर. २००५-०६मध्ये ६९,०३० लोक आले! रक्त घेणारी संस्था कंपनीची नव्हती, सरकारचीही नव्हती. अर्थ लावायला दोन्ही बाजूंना मान्य असे तीन साथरोगतज्ज्ञ. त्यांनी काही वर्षं घेऊन सहा आजारांशी संबंध दाखवला: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणाचा आजार, गरोदरपणातला रक्तदाब आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल. बाकी डझनावारी आजारांशी संबंध दिसत नाही, असंही त्यांनीच स्पष्ट सांगितलं. म्हणून कंपनीला तो निष्कर्ष झटकता आला नाही.

म्हणजे रक्त कोण घेतं आणि आकडा कुणाच्या हातात पडतो, यावर सगळं आहे. आकडा पहिल्यांदा तुमच्या हातात यायला हवा. एचआरकडे अजिबात नाही. गावाच्या यादीत नाव नको, नंबर. नको असेल त्याला आकडा न सांगण्याचीही सोय हवी.

तेजी_मंदी, कंपनी उत्तम चालेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हीच आधी हे मागायला हवं. पीफास आज जवळजवळ प्रत्येक शहरी माणसाच्या रक्तात थोडंफार आहे. दहा वर्षांनी लोट्यात एखाद्याचा आकडा ५ आला तर तो कारखान्याचा की तव्याचा, हे सांगायला आधीचं रक्तच लागेल. नसेल तर सगळं कंपनीच्या माथी येईल, किंवा काहीच येणार नाही. वकील कुणाचा भारी त्यावर ठरेल.

---

स्वीडनची_सून | सोमवार, पहाटे २:३७

इथे रॉनेबी म्हणून गाव आहे. शेजारी हवाई दलाचा तळ, तिथे आग विझवण्याच्या सरावात वापरलेला फेस वर्षानुवर्षं जमिनीत मुरला आणि पालिकेच्या विहिरीत उतरला. डिसेंबर २०१३मध्ये कळलं, विहीर लगेच बंद केली. मग काही हजार लोकांचं रक्त घेतलं आणि त्यातल्या काहींचं पुन्हापुन्हा. कोणतं पीफास किती वर्षांनी निम्मं होतं याचे जे आकडे आज जगभर वापरतात, त्यातले बरेच या गावाच्या रक्तातून आलेत. पीएफओए २.७ वर्षं, पीएफओएस ३.४, पीएफएचएक्सएस ५.३.

पण सांगायचंय ते कोर्टाचं. दीडशेच्या वर गावकऱ्यांनी पाणी कंपनीवर दावा लावला. कंपनी म्हणाली, हे लोक आजारी कुठे आहेत? नुकसान दाखवा. डिसेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रक्तात पीफास एवढं वाढणं हीच शारीरिक इजा. आजार व्हायची वाट बघायला नको. आमच्या ऑफिसात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. वकील लोकांनी यावर अजून काथ्याकूट चालवलाय, पण ज्यांनी रक्त दिलं होतं त्यांच्याच हातात काहीतरी होतं, हे नक्की.

---

कफवातपित्त | सोमवार, सकाळी ८:५०

मी चिपळूणला जनरल प्रॅक्टिस करतो. थोडं थंड पाणी ओतायला आलोय.

समजा उद्या माझ्या दवाखान्यात कुणी कागद घेऊन आला, पीएफओए ३०. मी काय सांगू? औषध नाही. उतारा नाही. कोलेस्टेरॉल, थायरॉइड, रक्तदाब बघत राहा, एवढंच. गटाचा आकडा एक गोष्ट आणि एका माणसाचा आकडा दुसरी. ३० आकड्याच्या माणसाला काहीच होणार नाही आणि ३च्या माणसाला कर्करोग होईल, असं सर्रास घडू शकतं. लोक घाबरतील आणि घाबरलेल्या माणसाला लुटायला 'डिटॉक्स'वाले तयारच असतात. तुमच्या व्हेनेतोतच २०१७ साली लोकांचं रक्तद्रव गाळून पीफास काढायचा घाट घातला होता ना? वरून विरोध झाला आणि गुंडाळावा लागला.

बाकी ऑस्ट्रेलियात अग्निशामक दलाच्या जवानांवर एक बरा अभ्यास झालाय: नियमित प्लाझ्मा दान केलं की वर्षभरात पीफास ठळकपणे उतरतं, रक्तदानाने त्याहून कमी. पण मग ते कुणाच्या अंगात जातं, हा प्रश्न मला रात्री पडतो.

एक व्यवहाराची सूचना. ही पाहणी कधी झालीच तर त्यात आर्सेनिकही घालतील. कोकणात लघवीतलं आर्सेनिक मोजायच्या आधी तीन-चार दिवस मासे बंद करायला सांगा, नाहीतर अख्खी खाडीपट्टी विषबाधित निघेल. माशांतलं आर्सेनिक बहुतेक निरुपद्रवी जातीचं असतं, साधी तपासणी फरक करत नाही. आणि तीन-चार दिवस मासे बंद म्हटल्यावर किती जण नमुना द्यायला येतील तेही बघा.

---

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, सकाळी ११:२५

डॉक्टरसाहेब, औषध नाही म्हणून मोजायचं नाही, हे सगळ्याच विषांना लागू होत नाही. आमच्या यवतमाळात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकड्यांनी दवाखान्यात पडली. फवारणीची बरीचशी औषधं रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम पाडतात. साधी रक्ततपासणी आहे. तालुक्याच्या दवाखान्यात ती मिळत नव्हती.

धागाकर्तीच्या मुद्द्याला जोडून सांगतो. हे एन्झाइम माणसागणिक मुळातच कमीजास्त असतं. एकाचं नॉर्मल ते दुसऱ्याचं कमी. म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्नियात नियम आहे, की अशी औषधं नेहमी हाताळणाऱ्या मजुराचं हंगामाआधी, हात लावायच्या आधी रक्त घ्यायचं. मग हंगामात त्याच्याच आकड्याशी तुलना. ८० टक्क्यांच्या खाली गेला की मालकाने कामाची पद्धत तपासायची, तांबड्या पेशींतलं ७० टक्क्यांवर आलं की त्या माणसाला फवारणीवरून हटवायचं. हा माणूस अजून चक्कर येऊन पडलेला नसतो! आमच्याकडे पडल्यावर मोजतात, तेही मोजलं तर.

---

भोईवाड्यातला | सोमवार, रात्री ८:१०

दाभोळ खाडीवरून लिहितोय. रक्ताचं नंतर बघू, पाण्याचा नमुना कसा घेतात ते आधी सांगतो. खाडीत मेलेले मासे दिसले की आम्ही फोन करतो. माणूस येतो दुसऱ्या दिवशी, भरतीच्या टायमाला. वाशिष्ठीत समुद्र शिरलेला, पाणी आरशासारखं. बाटली भरली, पंचनामा झाला, सगळं नॉर्मल. ओहोटीला या म्हटलं तर ऑफिसची वेळ नाय.

म्हणून मला ही रक्ताची गोष्ट बरी वाटली. रक्ताला भरती-ओहोटी नाय. माझा बाप पन्नास वर्षं खाडीतली शिंगटी, कालवं, चिंबोऱ्या खात आला. कालवं तर आता मिळत पण नायत. त्याच्या अंगात काय साठलंय ते साठलंय, ते कुणी साहेब भरतीला येऊन धुऊ शकत नाय.

पण एक विचारतो. आमचं 'आधीचं' आता कुठे राहिलंय? लोट्याचं पाणी खाडीत यायला लागलं त्याला माझ्या वयाएवढी वर्षं झाली. तुमचं रक्त नव्या कारखान्याआधीचं असेल, आमच्या हिशोबात ते फार नंतरचं.

---

निगराणी | सोमवार, रात्री ९:३५

भोईदादा, मिनामाताचं वाचलंय का? जपानमधली मासेमारांचीच वस्ती. कारखान्यातून पारा खाडीत, माशांतून माणसांत, १९५६ साली आजाराची अधिकृत नोंद झाली. सगळं घडून गेल्यावर मागचं मोजायचं कसं? तिथे बाळाची वाळलेली नाळ पेटीत जपून ठेवायची रीत आहे. संशोधकांनी घराघरांतून त्या नाळा मागून घेतल्या, त्यातला पारा मोजला, मुलाच्या जन्मवर्षाप्रमाणे लावला. कारखान्याच्या उत्पादनाबरोबर तो चढलेला दिसला. कुणी शास्त्रासाठी जपल्या नव्हत्या त्या.

आपल्याकडेही काही घरांत नाळ ठेवतात. पीफाससाठी तिचा कितपत उपयोग होईल ते ताईच सांगतील.

---

खाडीपल्याड | सोमवार, रात्री ११:५५

नाळेत पारा शोधणं सोपं, पीफाससाठी मी त्यावर पैज लावणार नाही. आणि भोईदादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तुमच्यासाठी हे 'आधीचं' नाही. जड धातू, सॉल्व्हेंट, काय काय आधीच गेलंय आणि त्यातलं बरंचसं शरीर काही तासांत किंवा दिवसांत लघवीवाटे टाकून देतं, त्यामुळे आज मोजून कालचं कळत नाही. पीफास त्याला अपवाद. ते मागचं काही वर्षांचं सांगतं. तुमच्या वडिलांच्या रक्तात आज पीफास सापडलं तर ते जुन्या लोट्याचं किंवा घरातल्या वस्तूंचं, नव्या कारखान्याचं नव्हे. हे आज लिहून ठेवलं तरच उद्या वेगळं काढता येईल.

डॉक्टर, थंड पाणी हवंच होतं. एका माणसाच्या आकड्याचा फार अर्थ नसतो हे मान्य. मी मागतेय ती गटाची तुलना, म्हणूनच गोठवून ठेवण्यावर माझा भर आहे. जर्मनीत १९८०च्या दशकापासून हेच करतात. म्युन्स्टरसारख्या चार विद्यापीठ शहरांतले विद्यार्थी दर वर्षी रक्त आणि चोवीस तासांची लघवी देतात, द्रव नायट्रोजनच्या वाफेत उणे १६० अंशांच्या खाली ती ठेवतात. उद्या एखादं नवं रसायन बदनाम झालं की चाळीस वर्षं मागे जाऊन बघता येतं. आज ज्याची तपासणीच निघालेली नाही, त्यासाठीही रक्त तयार. आपल्याकडे असा कायमचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत लाखो घरांत जाऊन बोटातून रक्त घेतलं, हिमोग्लोबिन आणि साखर बघितली. माणूस दारात पोचलेला होता, सुई टोचलेली होती, आणि विषाचा प्रश्नच विचारला नाही. याचा मला खरोखर राग येतो.

---

लोटेकर | मंगळवार, सकाळी ७:१५

ग्रामसभा जवळ आलीय. ठरावात नेमकं काय लिहायचं ते सोप्या भाषेत द्याल का? मी स्वतः मांडणार नाही, नोकरीचं तुम्ही समजू शकता. पण आमच्या वाडीतल्या दोन बायका मांडतील, त्या कुणाला घाबरत नाहीत.

---

खाडीपल्याड | मंगळवार, सकाळी ९:३०

त्या दोघींना माझा नमस्कार. सोप्या भाषेत देते, कमीजास्त करून घ्या.

ग्रामसभेची मागणी: जिल्हा आरोग्य यंत्रणेने आणि एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने मिळून गावातल्या स्वेच्छेने येणाऱ्या लोकांचं रक्त घ्यावं. वयोगट सगळे हवेत, बायका निम्म्या तरी हव्यात, कंपनीत काम करणारे आणि न करणारे दोन्ही. तितकेच लोक एमआयडीसीपासून लांबच्या, वेगळं पाणी पिणाऱ्या गावातले हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? गुहागरकडचं एखादं गाव चालेल. प्रत्येकाकडून पाणी कुठलं, मासे कुठले, किती वर्षं इथे राहतो, काम काय, हे लिहून घ्यावं. पैसे कंपन्यांकडून घ्यायला हरकत नाही, पण रक्त आणि आकडे त्यांच्या ताब्यात जाता कामा नयेत. विहिरी आणि बोअरवेल यांचं पाणीही त्याच आठवड्यात गोळा करावं. आणि खाडीचा नमुना ओहोटीला, हे ठरावात शब्दशः लिहा.

आता माझ्या धंद्यातलं, जे कुणी सांगणार नाही. साठवणीच्या कुप्या पॉलिप्रॉपिलीनच्या. टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण नको, टेफ्लॉन हे स्वतःच त्याच घराण्यातलं. मी आमच्या यंत्रातल्यासुद्धा टेफ्लॉनच्या नळ्या बदलते. प्रत्येक शंभर नमुन्यांमागे काही रिकाम्या कुप्या नुसत्या शुद्ध पाण्याने भरून तशाच गोठवा, म्हणजे उद्या 'कुपीतूनच आलं' असं कुणी म्हणू शकणार नाही. उणे ८० अंशांचा फ्रीजर लागतो. कोकणातल्या विजेचा भरवसा नाही, म्हणून नमुने दोन ठिकाणी ठेवायचे, एक संच जिल्ह्याबाहेर.

---

कफवातपित्त | मंगळवार, दुपारी २:१०

रक्त काढायला माणसं कमी पडली तर मी आणि माझी नर्स रविवारी येऊ. फुकट. फक्त मासे बंद ठेवायची घोषणा मी करणार नाही, ती सरपंचांनी करावी.